लायोलचा पाहुणचार

अन्न विकूं नये, असा आपल्या जुन्या घरांतील दंडक होता. विद्या विकूं नये, तसें शिजलेलें अन्नहि विकूं नये. दारीं आलेल्यास तें द्यावें, आणि देतांना पानांत किती पडलें याचा हिशेब ठेवूं नये. पुढें पुण्यामुंबईस शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं गेलेल्यांकरितां खाणावळी निघाल्या. कित्येक निराधार भगिनींनीं त्या चालवून आपलीं मुलें वाढविलीं व शिकविलीं. तरीहि 'खाणावळ' हा शब्द उच्चारतांना सुस्थित घरांतील वडील माणसांच्या कपाळास बारीकशी आठी पडल्यावांचून राहत नसे. या संस्कारांत वाढलेल्या माणसांस, अन्न विकणारा स्वयंपाकी जेथें राष्ट्राचें भूषण मानला जातो त्या फ्रान्स देशांतील एका नामांकित हॉटेलांत राहण्याजेवण्याचा योग यावा, हें थोडें नवलाचेंच. तो योग आम्हांस आला. आणि त्या निमित्तानें पाहुणचार या वस्तूविषयीं जे विचार मनांत आले, ते वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें.

आमच्या थोरल्या वहिनींचा धाकटा मुलगा दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरीं विमानांच्या कारखान्यांत अभियंता आहे. आईनें एकदां तरी आपलें बिऱ्हाड पाहावें, हा त्याचा कित्येक वर्षांचा हट्ट. वहिनींचें वय आज चौऱ्याहत्तर. वाईच्या आमच्या एकत्र घरांत त्या विसाव्या वर्षीं आल्या. तेव्हांपासून रोजचीं सोळासतरा पानें, सणावारीं तीसचाळीस, आणि पक्षपंधरवड्यांत सोंवळ्यांतला निराळा स्वयंपाक, हें सर्व त्यांच्या देखरेखीखालीं, आणि बहुतेक त्यांच्याच हातानें, होत आलें. त्यांस एवढ्या लांब एकट्यानें पाठवणें बरें नव्हे म्हणून आम्ही उभयतां सोबत निघालों. तुलूझ येथें पोहोंचल्यावर चिरंजीवानें आपला बेत जाहीर केला. "आईनें आजवर सर्वांना जेवूं घातलें. एकदां तरी ती बसलेली आणि वाढणारा उभा, असें मला पाहायचें आहे." त्यासाठीं त्यानें लायोल येथील ब्रास कुटुंबाच्या हॉटेलांत कित्येक महिने आधीं जागा राखून ठेविल्या होत्या.

तुलूझपासून लायोल सुमारें दोनशें किलोमीटर. वाटेंत रोदेझ शहराचें तांबूस दगडाचें भव्य देवालय लागतें, आणि तेथून रस्ता चढूं लागतो. लायोल हें आव्हेरों जिल्ह्यांतील लहानसें गांव. मिटणाऱ्या चाकूंसाठीं आणि गाईच्या दुधाच्या चीजसाठीं प्रसिद्ध. त्याच्या वरच्या अंगास ओब्राकचें पठार पसरलें आहे. हजार-बाराशें मीटर उंचीवरचें उघडें माळरान. ज्वालामुखींतून निघालेला, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा काळा कातळ. मधूनमधून दगडी कुंपणें, आणि काजळ घातल्यासारख्या काळ्या कडांच्या डोळ्यांच्या पिंगट गाई. आम्ही गेलों तेव्हां जून महिना होता व गवतांत फुलेंच फुलें होतीं. वहिनी खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "भावोजी, हें तर आपलें कासचें पठार. फक्त वारा जास्त थंड."

हें हॉटेल ल स्यूके नांवाच्या टेकडीवर १९९२ सालीं बांधलें. दुरून पाहतांना तें हॉटेल वाटतच नाहीं. ना मनोरा, ना कमान, ना झगझगाट. काच आणि दगड यांची लांबट, ठेंगणी इमारत माळाच्या कडेस अशी टेकली आहे कीं, जणूं तीहि त्या कातळाचाच एक थर असावी. खोलींतील एक बाजू सबंध काचेची. तींतून आकाश व माळ यांखेरीज कांहीं दिसत नाहीं. भपका पाहण्याच्या हेतूनें जो जाईल, त्याची निराशाच होईल. खर्च मात्र भपक्याचाच. एका माणसाच्या रात्रीच्या जेवणास दोनशें युरोंहून बराच अधिक, म्हणजे आपल्या वीस हजार रुपयांच्या वर, आकार पडतो. हा आंकडा चिरंजीवानें आईस अखेरपर्यंत कळूं दिला नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें.

या घराण्याची हकीकत समजली तेव्हां मात्र आम्हांस विशेष आनंद झाला. मिशेल ब्रास यांचा जन्म १९४६ चा. त्यांचें घर गांवांत 'लू माझ्यूक' नांवाची साधी खाणावळ चालवीत असे, आणि चुलीपुढें त्यांची आई उभी असे. मोठमोठ्या आचाऱ्यांच्या हाताखालीं शिकण्याची त्या देशांत रीत आहे. मिशेल यांचें शिक्षण मात्र आईच्या हाताखालीं, घरच्याच स्वयंपाकघरांत झालें. पुढें ते आसपासच्या माळावरील पाला, फुलें, कंद यांकडे वळले आणि त्यांतून त्यांचें नांव झालें. बडीशेपेच्या कुळांतील 'सिस्त्र' नांवाचें एक रानटी रोप त्या पठारावर उगवतें. तेंच या घरानें आपलें चिन्ह म्हणून घेतलें आहे. आतां तेथील सर्व व्यवहार त्यांचे चिरंजीव सेबास्तियाँ पाहतात. म्हणजे ज्या हॉटेलासाठीं लोक समुद्र ओलांडून येतात, त्याचें मूळ एका बाईच्या खाणावळींतच आहे.

आम्ही मांस, मासे व अंडें घेत नाहीं, आणि वहिनी चीजहि घेत नाहींत, हें आधींच पत्रानें कळविलें होतें. चीजची अडचण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. त्या प्रांतांतील चीजसाठीं दूध नासवितात तें परंपरेनें वासराच्या जठरांतील रेनेट घालून. त्यामुळें 'आलिगो' हा तेथील अत्यंत लोकप्रिय पदार्थ, बटाटे कुसकरून त्यांत ताजें चीज घोटून हातभर लांब तार निघेपर्यंत ओढलेला, वहिनींस वर्ज्यच होता. पत्राचें उत्तर आलें, त्यांत आर्जवहि नव्हतें आणि नाराजीहि नव्हती. तुमच्यापुरतें निराळें करूं, एवढेंच.

जूनमध्यें त्या बाजूस रात्रीं साडेनवापर्यंत उजेड असतो. काचेजवळच्या मेजाशीं आम्ही चौघें बसलों. वहिनी इरकली नेसून, मोठ्या कार्यास निघाव्या तशा आल्या होत्या. पहिलें पान आलें आणि त्या खुर्चीवरून अर्धवट उठल्या. वाढणाऱ्या मुलीच्या हातून ताट घेण्यास त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढें गेले होते. मुलगी गोंधळली. चिरंजीवानें आईच्या दंडास हात लावून तिला बसविलें. दुसऱ्या पानास त्या पुन्हां उठल्या. तिसऱ्या पानास उठल्या नाहींत. परंतु आमच्या ताटांत काय कमी आहे, इकडे त्यांचा डोळा होताच. चोपन्न वर्षांची सवय तीन पानांत कशी सुटावी?

तेथील एका रीतीनें मात्र त्यांस धीर आला. फ्रान्समधील मोठ्या मेजवान्यांत प्रत्येक पदार्थाबरोबर कांटेचमचे बदलतात. येथें लायोलचा चाकू पानाशीं एकदां ठेवला कीं तोच शेवटपर्यंत. त्या मुलुखांतला शेतकरी आपला एकच चाकू खिशांत बाळगतो, जेवण झाल्यावर पुसतो व मिटतो, त्या रीतीची ही आठवण. "हें शहाणपणाचें," वहिनी म्हणाल्या, "उगीच घासायला भांडीं किती काढायचीं!"

आतां ज्या पदार्थासाठीं हें घर जगांत ओळखलें जातें, त्याविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे. त्याचें नांव गार्गुयू. मूळचा गार्गुयू म्हणजे त्या पठारावरील गोरगरिबांचें बटाट्याचें कालवण. त्यांत डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा. मिशेल ब्रास यांनीं हें नांव घेऊन पदार्थ सर्वस्वीं नवा केला. पन्नास-साठ प्रकारच्या भाज्या, पाने, शेंगा, फुलें, बिया व मोड एका पानांत येतात. ऋतु बदलला कीं पान बदलतें; किंबहुना आजचें पान कालच्यासारखें नसतें. यांतील मुख्य गोष्ट अशी कीं, प्रत्येक भाजी निरनिराळी शिजवितात. गाजर जितकें शिजवावें तितका कोवळा मटार शिजवूं नये, आणि पालकाचें पान तर नुसतें वाफेस दाखवावें. म्हणून प्रत्येकीची वेळ वेगळी. शेवटीं सर्व एकत्र करून लोण्याच्या व भाजीच्या पाण्याच्या पातळ रसांत हलवितात. ठरलेल्या कृतींत हा रस परतलेल्या मांसाच्या कापावर धरलेला असतो. आमच्या पानांत तो नुसत्या भाज्यांच्या पाण्याचा होता.

पान पुढें आलें तें एखाद्या सुरेख रांगोळीसारखें. वहिनींनीं तें बराच वेळ पाहिलें, एक घांस घेतला, आणि चटकन् म्हणाल्या, "अरे, ही तर ऋषीची भाजी!"

आमच्या मंडळींनीं लगेच मान डोलाविली, आणि खरेंच, याहून नेमकें वर्णन आम्हांस सुचलें नसतें. भाद्रपदांत ऋषिपंचमीस आपल्या घरोघर जी भाजी होते, तींतहि अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, कोवळीं कणसें असें जें जें त्या ऋतूंत कुंपणाशीं व परसांत मिळेल तें तें येतें. बैलाच्या श्रमाचें त्या दिवशीं खावयाचें नाहीं, हा नियम. मसाला नाहीं, फोडणीचा थाट नाहीं. पावसाळ्यांतील भूमि आपण होऊन जें देते, त्याचा तो प्रसाद. ओब्राकच्या माळावरील स्वयंपाक्यानें त्याच वाटेनें जाऊन कीर्ति मिळविली. आपल्याकडे तीच वाट घरोघरच्या बायका मुकाट्यानें चालत आल्या.

त्यानंतर वहिनींनीं जो प्रश्न विचारला, तो त्या भोजनगृहांत क्वचितच कोणीं विचारला असेल. "इतकें सारें निवडलें कोणीं?" चिरंजीवानें भाषांतर केलें. वाढणाऱ्या मुलीचा चेहरा उजळला. तिनें सांगितलें कीं सकाळपासून कित्येक जण भाज्या निवडण्यास, धुण्यास व सोलण्यास बसतात. वहिनी हातांतला चमचा ठेवून म्हणाल्या, "तरीच. एकही पान किडकें नाहीं, एकही देंठ जून नाहीं. रांधणें मागाहून. निवडणें हाच अर्धा स्वयंपाक." जगांतील रसज्ञांनीं या पदार्थावर पुष्कळ लिहिलें आहे, परंतु त्यामागील कष्टांची किंमत इतक्या थोड्या शब्दांत व इतक्या अधिकारानें क्वचितच झाली असेल.

पुढचे पदार्थ आले आणि गेले. सर्वांचें वर्णन करून वाचकांस शिणवीत नाहीं. शेजारच्या मेजावर गेलेली एक मिठाई मात्र उल्लेखनीय. वरून साधा गरम केक, चमचा लागतांच आंतून चॉकोलेटची धार लागते. आज मुंबईपुण्याच्या उपाहारगृहांतूनहि तिचीं नाना रूपें दिसतात. तिची ही मूळ कल्पना मिशेल ब्रास यांनीं १९८१ त काढली. गोठविलेल्या चॉकोलेटचा गोळा पिठांत ठेवून तें भाजावयाचें, म्हणजे बाहेरचें शिजेपर्यंत आंतलें नुसतें वितळतें. अंड्यामुळें ती आम्हांस चालण्याजोगी नव्हती, आमच्यापुढें फळें आलीं, परंतु युक्ति ऐकून वहिनी म्हणाल्या, "मोदकाची पारी फुटूं न देतां आंतलें सारण जपायचें, तसेंच हें."

आतां या हॉटेलाच्या मानापमानाची गोष्ट. मोटारींचे टायर करणाऱ्या मिशेलिन कंपनीनें १९०० सालीं प्रवाशांसाठीं एक मार्गदर्शिका काढली. १९२६ पासून ती चांगल्या भोजनगृहांस तारा देऊं लागली, आणि १९३१ त एक, दोन, तीन अशा पायऱ्या ठरल्या. तीन तारे म्हणजे, केवळ तेथें जेवण्यासाठीं प्रवास करावा. कंपनीचे परीक्षक नांव न सांगतां येतात, पैसे भरून जेवतात आणि निघून जातात. ते कधीं येतील हें स्वयंपाक्यास कळत नाहीं. या ताऱ्यांवर धंदा उभा राहतो आणि बसतो. सोल्यू येथील नामांकित स्वयंपाकी बर्नार लुआझो यांनीं फेब्रुवारी २००३ मध्यें आत्महत्या केली, त्यापूर्वीं त्यांचा तिसरा तारा जाणार अशा वावड्या उठल्या होत्या. वास्तविक त्या वर्षीं त्यांचे तीनही तारे कायम होते. माणसाच्या अंतःकरणांत काय चाललें होतें हें परक्यानें सांगूं नये. पण त्या धंद्यांतील भीति केवढी आहे याची चर्चा त्यानंतर सर्व देशांत झाली.

ब्रास यांच्या घरीं तिसरा तारा १९९९ त आला. अठरा वर्षांनीं, सप्टेंबर २०१७ मध्यें, सेबास्तियाँ यांनीं जाहीर केलें कीं आमचें नांव या मार्गदर्शिकेंतून काढून टाकावें. दिवसाकाठीं शेंकडों पानें स्वयंपाकघरांतून बाहेर पडतात, त्यांतलें कोणतें परीक्षकापुढें जाईल सांगतां येत नाहीं. या ओझ्याखालीं काम करण्यापेक्षां मोकळ्या मनानें रांधावें, असा त्यांचा आशय होता. २०१८ च्या आवृत्तींत हॉटेलाचें नांव नव्हतें. २०१९ त तें न मागतां पुन्हां आलें, दोन ताऱ्यांसह. हॉटेल त्यापूर्वींहि चाललें होतें, त्यानंतरहि चाललें आहे.

ही गोष्ट चिरंजीव रंगवून सांगत होता. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "न सांगतां येऊन चव पाहणारे आणि एकदां मीठ चुकलें तर लक्षांत ठेवणारे, एवढेंच ना? त्याला निदान परत करायला तारे तरी होते."

त्या हें हंसत हंसत बोलल्या. वहिनींच्या बोलण्यास तक्रारीचा सूर कधींच नसतो. परंतु वाक्य मनांत रुतलें तें रुतलेंच. आपल्या घरांचा विचार केला तर दिवसांतून दोनदां हें परीक्षण चालूच असतें. आमटी पातळ झाली, भात मोकळा नाहीं, कोशिंबिरीस आज हात थोडा आंखडलेला दिसतो. शेरे सर्वांचे, उत्तरें कोणाचींच नाहींत. सर्व उत्तम झालें तर पंक्तींत शांतता असते, आणि ती शांतता हीच पावती समजावयाची. फ्रान्समधील स्वयंपाकी परीक्षकांस नको म्हणूं शकला, कारण त्याला आधीं मान मिळाला होता. जिला मान मिळालाच नाहीं, तिनें काय नाकारावें? एकत्र कुटुंबाचा पाया अन्नपूर्णेच्या हातांवर उभा आहे असें आपण लिहितों व बोलतों. त्या हातांची विचारपूस मात्र बहुधा हात भाजल्यावरच होते. कोणा एका घराला हा बोल नाहीं. ही चाल इतकी जुनी कीं ती चाल आहे हेंच ध्यानांत येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही जवळच्या ओब्राक या गांवीं गेलों. बाराव्या शतकाच्या आरंभीं, सुमारें ११२० च्या वेळीं, तेथें एक मठ स्थापन झाला. फ्रान्समधील ल प्युई येथून स्पेनमधील सांतियागो या तीर्थास पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट याच पठारावरून जाते. धुकें आणि बर्फ यांत वाट चुकलेल्यांस दिशा कळावी म्हणून मठांतील घंटा वाजवीत ठेवीत. येईल त्यास आसरा आणि गरम अन्न. आलिगो या पदार्थाचा उगमहि तेथील लोक याच मठाच्या अन्नदानांत सांगतात. आज मठाचें थोडें बांधकाम उरलें आहे, यात्रेकरू मात्र अजून पाठीवर गाठोडें घेऊन जातांना दिसतात. आपल्या आळंदी-पंढरीच्या वाटेवरील अन्नछत्रांची आठवण कोणास होणार नाहीं?

तेथें चिरंजीवानें शब्दाची एक गंमत सांगितली. हॉटेल आणि हॉस्पिटल हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळापासून निघाले. वाटसरूंस आसरा देणारें ठिकाण हाच दोहोंचा मूळ अर्थ. आणि त्याच मुळापासून निघालेल्या 'ओत' या फ्रेंच शब्दाचा अर्थ यजमान असाहि होतो आणि पाहुणा असाहि होतो. एकाच शब्दांत दोघे. आम्हांस हा शब्द फार आवडला. आज जो वाढतो तो उद्यां बसतो, आणि बसलेला उठून वाढतो. हा फेरा चालू राहील तरच पाहुणचार. एका माणसानें जन्मभर वाढावें व दुसऱ्यानें जन्मभर बसावें, याला पाहुणचार म्हणतां येणार नाहीं, मग तो पैशानें होवो कीं पुण्यासाठीं होवो. अन्न विकण्यास आपल्या वडिलांनीं कमीपणा मानला तो अन्नाच्या आदरापोटींच. परंतु पैसे घेऊनहि आदर राखतां येतो, हें लायोलनें दाखविलें. आणि पैसे न देतांहि आदर राखतां येतो, हें आपल्या घरांनीं अजून दाखवावयाचें आहे. त्यासाठीं फ्रान्सला जाण्याचें प्रयोजन नाहीं. आठवड्यांतून एक दिवस घरांतील पुरुषांनीं व मुलांनीं भाजी निवडावी, पानें वाढावीं आणि रांधणाऱ्यांस पहिल्या पंक्तींत बसवावें. भात थोडा गिचका झाला तरी चालेल.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं निघतांना वहिनींनीं खोलींतील अंथरुणें स्वतः नीट करून ठेविलीं. तेवढें कोणाच्यानें थांबविलें नाहीं. मग त्यांनीं चिरंजीवास विचारलें, "त्या स्वयंपाकघरांतल्या माणसांना आपल्याकडचें एक वाक्य सांगायचें असेल तर सांगशील?" पंक्ति उठतांना 'अन्नदाता सुखी भव' असें मंडळी म्हणत, तें वहिनींनीं चोपन्न वर्षें आंतून ऐकलें होतें. त्या स्वतः मागाहून, झांकपाक करीत जेवत; तेव्हां तें म्हणावयास समोर कोणी नसे, आणि कोणाला म्हणावें हाहि प्रश्नच. दाराशीं उभ्या असलेल्या त्या वाढणाऱ्या मुलीपुढें त्यांनीं हात जोडले व तें वाक्य सावकाश, एकेक अक्षर सुटें करून म्हटलें. चिरंजीवानें त्याचा अर्थ सांगितला. मुलीनें तें वाक्य पुन्हां म्हणावयास लावलें, स्वतः म्हणून पाहिलें, आणि आंत कळविण्यासाठीं ती स्वयंपाकघराकडे वळली.